घारापुरी दाखवण्याची जबाबदारी कुणाची?

प्रति,
घारापुरीची लेणी, तिथला धक्का, तिथे जाणाऱ्या लाँच आणि तिथले पर्यटन यांपैकी कशाचाही कारभार ज्यांच्याकडे आहे, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

विषय : घारापुरी बेटावर माहितगार वाटाड्यासह मराठीतून गटफेरी सुरू करण्याबाबत.




मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे पत्र वाचायला सवड मिळाली नाही तरी चालेल. घारापुरीत रोज ठरलेल्या वेळी, फलकावर लिहिलेल्या दरात, मराठीत नीट बोलणाऱ्या प्रशिक्षित माणसाबरोबर गटाने फिरण्याची सोय करा. ती फेरी एका लेण्यापुरती न ठेवता बेटभर न्या. आणि पुण्याकडून येणाऱ्या माणसाला त्यासाठी अख्खी मुंबई पार करायला लावू नका.

मी कुरुळीचा. पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे निघालात की हे गाव लागते. पूर्वी इथल्या पारावर कांदा आणि बैलगाडा यांच्या गप्पा चालत. आता ट्रॅफिक, ओव्हरटाइम आणि खोलीभाडे यांच्या चालतात. काही घरे मूळची, बाकीची लातूर, बीड, बुलढाणा, जळगावकडून चाकण एमआयडीसीत पोटासाठी आलेल्यांची. आमच्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्यामुळे वर्षातून एखाद्या गुरुवारी शेजारीपाजारी वर्गणी काढतात, बस ठरते, आणि सासवा-सुना, लेकरे, गावाकडून आलेले आईवडील असे सगळे तिच्यात भरतात. बस ठरवण्याचे, वर्गणी मागण्याचे आणि परत आल्यावर बोलणी खाण्याचे काम माझ्याकडे असते. मागच्या वेळी घारापुरीची टूम निघाली. लेणी सोमवारी बंद असतात, आमची सुटी गुरुवारी; तेही जुळले.

लेणी आमच्या माणसांना नवी नाहीत. एकवीरेला जाणारा प्रत्येक जण कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावून येतो. भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबांच्या नावाने आम्ही जातो, तिथेही कोरीव लेणी आहेतच. पण समुद्र ओलांडून लेणे पाहायला जायचे ही गोष्ट वेगळी होती. बसमधल्या कितीतरी जणांनी समुद्र तोवर टीव्हीवरच पाहिला होता. लाँच सुटल्यावर त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून मला बसचे भाडे वसूल झाल्यासारखे वाटले. तक्रार आहे ती पुढची.

मध्यरात्र उलटल्यावर कुरुळीतून निघायचे, द्रुतगती मार्गाने यायचे, मुंबईच्या गर्दीतून गेटवे गाठायचा, तासभर लाँच, मग शेतबंदरचा लांबच लांब धक्का, छोटी गाडी, आणि तिथून सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने, डोक्यावर ताडपत्री, हातातल्या पिशवीवर माकडांचा डोळा. लेण्याच्या दाराशी पोचेपर्यंत निम्मी मंडळी दमलेली आणि परतीच्या लाँचची वेळ डोक्यावर बसलेली. एवढा खटाटोप करून मुख्य लेण्यात आम्ही थांबलो ते कंपनीतल्या जेवणाच्या सुटीइतकेच.

दाराशी एक गृहस्थ भेटले. दर सांगितला, घासाघीस झाली, ते गाइड म्हणून आमच्याबरोबर आले. त्यांना मी दोष देत नाही; त्यांना कुणी शिकवले नव्हते आणि पुढचे गिऱ्हाईक वाट पाहत होते. चार वाक्ये हिंदीत, दोन इंग्रजीत. तीन तोंडांच्या महामूर्तीसमोर ते म्हणाले, "ये ब्रह्मा, ये विष्णु, ये महेश. फोटो निकालो, आगे चलो." फोटो काढले, पुढे चाललो.

शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी मात्र आमच्यातल्या एक आजी हलेनात. त्यांनी लांबूनच बोट दाखवले. "नवरी उजव्या अंगाला उभी हाय. म्हंजी लगीन अजून लागायचंय. लागलं असतं तर डाव्या अंगाला आली असती." गाइड तोवर पुढच्या शिल्पाकडे गेले होते. आजींचे म्हणणे तंतोतंत खरे होते. त्या शिल्पात पार्वती शंकराच्या उजवीकडे उभी आहे, मान किंचित खाली घातलेली. तिच्या मागे तिचा बाप हिमवान, लेकीला हलकेच पुढे करणारा. एका बाजूला खाली बसलेला ब्रह्मदेव, या लग्नाचा भटजी. आणि पाण्याचा कुंभ घेऊन आलेला चंद्र. कन्यादानाचा तो क्षण दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने दगडात धरला आहे, आणि शाळेत न गेलेल्या बाईने तो एका नजरेत ओळखला. तिला तिथे आणखी दहा मिनिटे उभे राहू देणारा आणि "आजी, बरोबर, आता तिच्या बापाचा हात बघा" असे म्हणणारा माणूस हवा होता. या पत्राचे कारण एवढेच आहे.

आमच्यासारख्यांना लेण्यांतले काय कळणार, असे कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाका. या लेण्यात जे कोरले आहे ते सगळे आमच्या ओळखीचे आहे. कैलास हलवणारा रावण आम्ही कीर्तनात ऐकलेला. सारीपाटात कुरबुर झालेले शिवपार्वती घरोघरचे. जटेत उतरणारी गंगा, अर्धा पुरुष अर्धी स्त्री असा नंदीवर रेललेला अर्धनारीश्वर, अंधकासुराला मारताना डोळे वटारलेला शिव, नटराज, योगी. गोष्ट माहीत आहे. ती गोष्ट या कारागिराने कशी सांगितली, तेवढे दाखवणारा नाही.

एक नमुना सांगतो. ती महामूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. परत आल्यावर मी वाचले तेव्हा कळले की अभ्यासक तिला ब्रह्मा-विष्णू-महेश मानत नाहीत. ती एकट्या शिवाची, सदाशिवाची मूर्ती आहे. आपल्या डावीकडचे तोंड अघोराचे, भैरवाचे. त्याला मिशा आहेत, भुवया आक्रसलेल्या, हातात नाग, मुकुटात कवटी. उजवीकडचे तोंड बाईचे वाटावे इतके मऊ, केसांच्या बटा वळवलेल्या, मोत्यांच्या माळा, हातात कमळ. आणि मधले तोंड डोळे मिटून दोन्हींच्या पलीकडे गेलेले, हातात महाळुंगाचे फळ. चौथे तोंड मागे खडकात आहे असे समजायचे. रागीट एका बाजूला, प्रेमळ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पोटात घेऊन मधला शांत. हे कळायला पदवी लागत नाही, पाच मिनिटे आणि एक बोट लागते. हीच मूर्ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या बोधचिन्हावर आहे. राज्याच्या पर्यटनाचा चेहरा म्हणून जी मूर्ती आपण जगाला दाखवतो, तिचे चेहरे कुणाचे आहेत हे तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला नीट कळावे, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

लेणे कुणी कोरवले याचीही गोष्ट तितकीच रंगतदार आहे. सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे हे काम. बरेच अभ्यासक ते कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळातले मानतात. त्याची नाणी या बेटावर सापडली आहेत. इथला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, असे त्यांचाच इतिहासकार दिओगो दो कोउतो लिहून गेला आहे. तो दगड पुढे कुणाला मिळाला नाही. म्हणजे ज्या एका दगडावर कदाचित सगळी उत्तरे होती, तोच गेला. जोगेश्वरीचे लेणे याच घराण्यातले, थोडे आधीचे. आणि वेरूळचे २९ क्रमांकाचे लेणे, धुमार लेणे, आराखड्यात घारापुरीसारखेच. आमच्या बसमधले अनेक जण वेरूळला जाऊन आले आहेत. "तिथले धुमार लेणे आठवते का? आता इथले खांब बघा," असे कुणी म्हटले असते तर बसमध्ये परतीच्या वाटेवर नुसत्या भेंड्या झाल्या नसत्या.

आता लेण्याबाहेरचे बेट. बहुतेक पर्यटक पायऱ्या चढतात, पहिले लेणे पाहतात, फार तर शेजारची लेणी ओझरती बघतात आणि उतरतात. पश्चिमेकडच्या टेकडीवर एकूण पाच लेणी आहेत. पूर्वेकडच्या टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात. तिथे विटांच्या जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत आणि सीताबाईचे देऊळ म्हणून ओळखले जाणारे लेणे आहे. म्हणजे शैव लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधी इथे बौद्धांचा राबता होता. बेटावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. इथल्या बंदरात दूरदेशीचा माल उतरत होता. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने नौका घेऊन 'पुरी' जिंकल्याचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजेच हे बेट असावे असे मानणारे अभ्यासक आहेत. डोंगरमाथ्यावर जुन्या तोफा आहेत, तिथून सगळे मुंबई बंदर दिसते. आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तीन गावे आहेत, जिथे आजही आगरी-कोळी माणसे राहतात. यांपैकी फारसे काही आमच्या बसमधल्या कुणाला दिसले नाही, कारण ते आहे हेच कुणी सांगितले नाही.

हत्तीचे तर विचारूच नका. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती राजबंदरच्या बाजूला उभा होता. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना साखळ्या तुटल्या आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले, १९१४ मध्ये जोडले गेले, आणि आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आमच्या पोरांनी बेटावर दिवसभर "हत्ती कुठाय?" विचारले. त्यांना उत्तर मिळायला हवे होते, आणि परतीच्या वाटेवर बस भायखळ्याला थांबवून तो बघताही आला असता.

एवढी श्रीमंती असून ती दाखवणारा का नाही, याचे कारण माझ्या मते जबाबदारीच्या वाटणीत आहे. लेणी केंद्राची, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. जलवाहतूक आणि धक्के राज्याच्या सागरी मंडळाच्या अखत्यारीत. पर्यटनाचा प्रचार पर्यटन खात्याचा. बेटाचा कारभार घारापुरी ग्रामपंचायतीचा, तालुका उरण, जिल्हा रायगड. लाँच खासगी मालकांच्या. यातला प्रत्येक जण आपापल्या कामाबद्दल उत्तर देऊ शकेल. पण बसमधून उतरलेला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय बघतो, काय समजतो आणि कसा परत जातो, या अखंड दिवसाचा धनी कुणीच नाही. कारखान्यात एखाद्या लाइनवर चार खाती असतात तेव्हा त्या लाइनचा एक प्रमुख नेमतात. इथे चार खाती आहेत, प्रमुख नाही. म्हणून पहिली विनंती ही, की या सर्वांनी मिळून घारापुरीच्या गटफेरीसाठी एक समन्वयक नेमावा आणि त्याचे पद व दूरध्वनी तिकिटाच्या मागे छापावा.

दुसरी विनंती वाटाड्यांची. ते बाहेरून आणू नका. बेटावरच्या तिन्ही गावांतली मुले-मुली निवडा, पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून त्यांना महिना-दोन महिने शिकवा, परीक्षा घ्या, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत, आणि या गावांत समुद्राखालच्या केबलने कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. जगाचा वारसा अंगणात असताना तीस वर्षे ज्यांनी जनरेटर आणि कंदिलावर काढली, त्यांच्या पोरांना या वारशातून पायऱ्यांवरच्या दुकानापलीकडचा रोजगार मिळाला तर तो उपकार नव्हे, थकबाकी आहे. शिवाय लाटेचे, भरती-ओहोटीचे, माशांचे, आईआजीच्या गोष्टींचे जे त्यांना माहीत आहे, ते पुस्तकातून आलेल्या गाइडला कधीच सांगता येणार नाही.

तिसरी भाषेची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे फलक लागले, अभिनंदनाचे ठराव झाले. आता त्या दर्जाचा एक उपयोग असा करा, की महाराष्ट्रातल्या जागतिक वारसास्थळी मराठी माणसाला त्याच्या भाषेत दीड तास माहिती मिळेल. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी फेरी ठेवा, हिंदी ठेवा, गुजरातीही ठेवा. पण मराठी फेरीची वेळ फलकावर असलीच पाहिजे.

चौथी, फेऱ्या दोन करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी छोटी : धक्का, मुख्य लेणे, निवांत बसून पाहणे. ज्यांच्या पायांत दम आहे त्यांच्यासाठी मोठी : सगळी लेणी, स्तूप टेकडी, तोफा, आणि हत्ती जिथे उभा होता ती जागा. हत्तीच्या जागी त्याच्या छायाचित्रासह आणि भायखळ्याच्या पत्त्यासह एक फलक लावा. पायऱ्यांसाठी पालखी मिळते, पण तिचा दर ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. तोही लिहून ठेवा. बायकांची स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी कुठे आहे ते धक्क्यावरच सांगा. म्हाताऱ्या माणसांनी वर पोचल्यावर ही चौकशी करत फिरायचे, हे बरे नव्हे.

पाचवी, तिकीट एकच करा. लाँचचे वेगळे, ग्रामपंचायतीचे वेगळे, छोट्या गाडीचे वेगळे, लेण्याचे वेगळे, गाइडचे घासाघिशीचे. दर वेळी पिशवी उघडायची, सुटे शोधायचे, रांगेत उभे राहायचे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ रॉबेन बेट आहे. नेल्सन मंडेला तिथे तुरुंगात होते. १९९९ पासून तेही जागतिक वारसा आहे. तिथल्या एका तिकिटात बोटीने जाणे-येणे, बेटावर बसने फिरवणे आणि वाटाड्या हे सगळे येते. तुरुंगाची इमारत दाखवायला त्याच तुरुंगात राहून आलेले कैदी उभे असायचे. त्यांनी बेट दाखवायचे म्हणजे नक्की काय दाखवायचे, हे आधी ठरवले आणि मग तिकीट छापले. आपण तिकिटे छापली. दाखवायचे काय ते ज्याने त्याने ठरवावे.

सहावी वाटेची. नकाशा उघडून बघा. घारापुरी रायगड जिल्ह्यात आहे, उरण-न्हावाच्या किनाऱ्याजवळ. विजेची केबलही तिकडूनच आली. पुणे, चाकण, नगर, सोलापूर इकडून येणारी बस पनवेलला उतरते तेव्हा ती बेटाच्या जवळ आलेली असते. तिथून तिला दक्षिण मुंबईच्या टोकापर्यंत पाठवायचे, तिथे बस उभी करायला जागा शोधायची, आणि मग लाँचने पुन्हा मागे यायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सीचे उद्घाटन झाले, तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. पण पन्नास माणसांच्या सहलीला उद्घाटन पुरत नाही, वेळापत्रक लागते. आणि ते महिनाभर आधी आरक्षण करता येईल असे लागते. बेलापूर, मोरा किंवा न्हावा, यांतल्या एका ठिकाणाहून सुटीच्या दिवशी आणि गुरुवारीही गटांसाठी हमखास लाँच, जवळ बसचा तळ आणि साधी दरपत्रके एवढे जरी झाले, तरी आमचे कितीतरी तास वाचतील. ते सगळे आम्ही लेण्यात घालवू.

सातवी विनंती जिवाची. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. आम्हालाही जॅकेट मिळाले. पण ते कसे घालायचे, लहान मुलाला कोणते बसते, काही झाले तर कुठल्या बाजूला जायचे, हे एकानेही सांगितले नाही. अर्ध्या बायकांनी ते मांडीवर ठेवले. आमच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटे टूलबॉक्स टॉक होतो. त्याला आम्ही कंटाळतो, जांभया देतो, पण बोटे शाबूत आहेत ती त्याच्यामुळे. लाँच सुटण्याआधी तांडेलाने किंवा वाटाड्याने मराठीत आणि हिंदीत तीन मिनिटे बोलावे, जॅकेटचे पट्टे बांधून घ्यावेत, माणसे मोजावीत. परतताना पुन्हा मोजावीत. गटफेरी असली की हेही आपोआप होईल, कारण मोजायला एक माणूस जबाबदार असेल.

यावर पैशाचे काय, असा प्रश्न येणारच. परदेशी पर्यटक जास्त तिकीट देतो; आमच्यासारखे भाकरी-ठेचा बांधून येतात आणि पाण्याच्या बाटलीलाही कुरकुरतात, हेही ऐकून आहे. त्याला उत्तर सरळ आहे. आमच्या सहलीत माणशी खर्चाचा मोठा भाग डिझेल आणि बसभाड्यात जातो. समोर काय मिळणार हे आधी कळले, तर गाइडसाठी माणशी पन्नास-शंभर रुपये द्यायला कुणी मागेपुढे पाहणार नाही. पंढरपूर, तुळजापूर, अष्टविनायक करणारी माणसे आहोत आम्ही. चांगल्या दर्शनाची किंमत आम्हाला कळते. आणि चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यातून दर आठवड्याला सुटणाऱ्या सहलींची संख्या बघितलीत, तर हा बाजार लहान नाही हे तुमच्या लक्षात येईल.

आमच्या बाजूची कामेही मी लिहून देतो, म्हणजे मागणी एकतर्फी राहणार नाही. सहल नेणाऱ्या प्रत्येक गटाने आपला कचरा पिशवीत भरून मुख्य भूमीवर परत आणावा. मूर्तींना हात लावू नये, खांबांवर नावे कोरू नयेत, लेण्यात ओरडू नये. माकडांना खायला घालू नये. त्यांची सवय बिघडली की त्रास पुढच्या बसला होतो. ठरलेला दर द्यावा, घासाघीस करू नये. आणि वाटाड्या बोलत असताना मोबाइल खिशात ठेवावा. हे नियम तुम्ही छापा, आरक्षण करताना गटप्रमुखाची सही घ्या. मी पहिली सही करतो.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. समन्वयक नेमायला बैठका लागतील, लाँचच्या वाटेला परवानग्या लागतील, एक तिकीट करायला चार खात्यांचे हिशोब जुळवावे लागतील. पण एक गोष्ट अशी आहे, जिला ना निधी लागतो ना निविदा. पावसाळा संपून लाँच पुन्हा नियमित सुटू लागतील, त्याआधी शेतबंदरच्या धक्क्यावर एक फलक लावा. त्यावर रोजच्या मराठी फेरीची वेळ, दर आणि त्या दिवशीच्या वाटाड्याचे नाव लिहा. फलक लागला की कळवा. कुरुळीची बस पहिल्याच गुरुवारी येईल, आणि आजींना पुढे उभे करू.



आपला,
सहलीचा वर्गणीदार आणि खजिनदार,
कुरुळी, ता. खेड, जि. पुणे